शाळाच नाही, मग सुट्टी कशाची? घरी शिकणाऱ्या मुलांचा उन्हाळा

गेल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस विहारात वंदना संपल्यावर एक ताई मागे थांबल्या. त्यांचा मुलगा दहा वर्षांचा आहे. दीड वर्षापूर्वी त्यांनी त्याला एका खासगी शाळेतून काढले. वर्गात त्याला आडनावावरून बोलले जायचे, डबा खायला वेगळे बसवले जायचे. दोनदा तक्रार करूनही शाळेने काही केले नाही. तेव्हापासून तो घरीच शिकतो. आई बी.ए. झालेली आहे, घरी शिलाई मशीन चालवते आणि रोज सकाळी दोन तास त्याला घेऊन बसते.

त्यांचा प्रश्न साधा होता. "भाऊ, सगळ्या पोरांना सुट्ट्या लागल्या. हा पण सुट्टी मागते. पण शाळाच नाही तर सुट्टी कशाची देऊ? अन् दिली, तर आता येते तेवढंही विसरून जाईल ना?"

मी चटकन उत्तर दिले. म्हणालो, "ताई, पूर्ण बंद करू नका. सकाळी आठ ते नऊ एक तास ठेवा." उत्तर समंजस वाटत होते, पण ते चुकीचे निघाले. कसे चुकले ते पुढे सांगतो. आपल्या वस्त्यांमध्ये अशी मुले आता एकदोनच राहिलेली नाहीत आणि त्यांच्या आईवडिलांना सल्ला देणारे बहुतेक वेळा आपणच कार्यकर्ते असतो, म्हणून हे लिहीत आहे.

'होमस्कूलिंग' म्हटले की पुण्या-मुंबईची सुखवस्तू कुटुंबे डोळ्यांसमोर येतात. आपल्याकडे मूल घरी शिकते त्याची कारणे वेगळी असतात. कुणाला अपंगत्वामुळे शाळेत सांभाळून घेतले जात नाही, कुणाचे आईवडील ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात, कुणी अपमानाला कंटाळून बाहेर पडलेले असते. माझे मत स्पष्ट आहे. शाळा हा आपण झगडून मिळवलेला हक्क आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा, अशी मागणी केली होती. ती मागणी करणाऱ्यांच्या वारसांनी शाळा सहज सोडू नये. पण ज्या घराने अपमान सहन करण्यापेक्षा मुलाला घरी बसवून शिकवायचे ठरवले, त्या घराला दोष देण्याचा अधिकारही मला नाही. सावित्रीबाईंचे शिक्षणसुद्धा घरीच, जोतीरावांकडे सुरू झाले होते.

कायद्याचे थोडक्यात सांगतो, कारण पालकांना सर्वांत जास्त भीती त्याचीच असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात घरी शिकवण्यासाठी वेगळी तरतूद नाही. मात्र ६ ते १४ वयाच्या ज्या मुलाची शाळा सुटली आहे, त्याला कलम ४ नुसार त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेले भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणही मिळाले पाहिजे. जून चुकला म्हणून किंवा जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम १७ शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही मनाई करते. घरूनच शिकायचे असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या, म्हणजे एनआयओएसच्या, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या परीक्षा आहेत. पुढे दहावी-बारावीला राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज आहेच. म्हणजे उन्हाळ्यात दोन महिने पुस्तक मिटले म्हणून मुलाची वाट बंद होत नाही. हे पालकांना आधी सांगा. घाबरलेली आई मुलाला निवांतपणे शिकवू शकत नाही.

आता ताईंचा खरा प्रश्न. मूल सुट्टीत विसरते का?

थोडे विसरते. १९९६ साली अमेरिकेत हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचे ३९ अभ्यास एकत्र तपासले. उन्हाळ्याच्या सुट्टीत साधारण महिनाभराच्या शिकवणीइतके मागे जाणे होते, असे त्यांना दिसले. पुढच्या संशोधकांनी हा आकडा इतका मोठा नाही, मोजण्याच्या पद्धतीवर तो बदलतो, अशा हरकती घेतल्या आहेत. शिवाय ते अमेरिकेचे आणि शाळेत जाणाऱ्या मुलांचे आहे. पण त्यातल्या दोन गोष्टी आपल्या अनुभवाशी जुळतात. गणित वाचनापेक्षा जास्त विसरले जाते. आणि वाचनात खात्यापित्या घरची मुले सुट्टीत उलट थोडी पुढे जातात, गरीब घरची मागे पडतात.

याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. ज्या घरात गोष्टीची पुस्तके पडलेली असतात, तिथे मूल कंटाळून का होईना पुस्तक उचलते. आपल्या कितीतरी घरांत बाबासाहेबांचा फोटो आहे, बुद्धमूर्ती आहे, पण दहा वर्षांच्या मुलाने लोळत वाचावे असे एक पुस्तक नाही. गणिताचे तर कुठल्याच घरात आपोआप होत नाही. म्हणून उन्हाळ्यात दोनच धागे धरून ठेवा, वाचन आणि हिशेब. इतिहास, भूगोल, परिसर अभ्यासाची पुस्तके खुशाल माळ्यावर टाका.

हिशेबासाठी वही लागत नाही. आमच्याकडे हे योगायोगाने कळले. बुद्ध पौर्णिमेला विहारात खीर वाटायची होती आणि अंदाज होता अडीचशे लोकांचा. दरवर्षी आचारी सांगतो आणि आम्ही दूध आणतो. त्या वर्षी हा मुलगा आणि सुट्टीवर असलेली बाकी पाचसहा पोरे तिथेच घुटमळत होती, म्हणून त्यांना म्हटले, तुम्हीच काढा हिशेब. त्यांनी कागदी कप घेतला आणि लिटरच्या बाटलीने पाणी ओतून पाहिले. एका लिटरात दहा कप भरले. म्हणजे अडीचशे कपांना पंचवीस लिटर. मग आचाऱ्याला विचारले, तांदूळ किती? तो म्हणाला, "लिटरमागं मूठभर." कुणाची मूठ, यावर भांडण झाले. शेवटी आचाऱ्याचीच मूठ किराणा दुकानाच्या काट्यावर मोजली, ती साठ ग्रॅमच्या आसपास भरली. पंचवीस गुणिले साठ, म्हणजे दीड किलो. एवढ्यात एका मुलीने शंका काढली की दूध आटते, मग पंचवीस लिटरची पंचवीस लिटर खीर कशी होईल? दुसरा म्हणाला, पण तांदूळ फुगते ना! दीड तास हा वाद चालला. आकारमान, वजन, गुणाकार, अंदाज, सगळे त्यात येऊन गेले आणि 'आता गणित करू' हे शब्द कुणी उच्चारले नाहीत.

पंचशील ध्वजाचेही तसेच. हा ध्वज १८८५ साली श्रीलंकेत तयार झाला. दरवर्षी आपण तो विकत आणतो, पण मुलांना एकदा कार्डशीटवर स्वतः करू द्या. सहा समान उभे पट्टे, त्यांतले पहिले पाच निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी, आणि सहाव्या पट्ट्यात तेच पाच रंग आडवे. कागद ६० बाय ४० सेंटीमीटरचा घेतला तर प्रत्येक पट्टा १० चा आणि सहाव्यातला प्रत्येक तुकडा ८ चा. हे सोपे झाले. आता लांबी ४५ घ्या. साडेसात आला की मूल थांबते, पट्टीवर साडेसात शोधते आणि दशांश म्हणजे काय ते हाताने शिकते. रंगांचा अर्थ त्याच वेळी सांगा. वेगळे व्याख्यान ठेवू नका.

घरी तर संधी आणखी जास्त. उन्हाळ्यात पापड, कुरड्या, वड्यांचे वाळवण चालू असते. एका ताटात किती मावले, किती ताटे झाली, मावशीकडे किती द्यायचे आणि उरले किती. दुपारी चिंचोके घेऊन अष्टा-चंगा मांडला की दान मोजत, घरे पुढे जात लहान भावंडेसुद्धा बेरीज शिकतात. यातले काहीही आईवडिलांना नवीन शिकायचे नाही. फक्त हिशेब मुलाच्या हातात द्यायचा आणि तो चुकला तर लगेच दुरुस्त करायचा नाही. तांदूळ कमी पडले की त्याला स्वतःलाच कळते.

वाचनाचे थोडे अवघड आहे, कारण त्याला पुस्तके लागतात. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक मोबाईलवर फुकट वाचता येतात. पण मोबाईल हातात दिला की मूल कुठे पोचते ते आपण सगळे जाणतो. म्हणून विहारातले कपाट उघडा. बहुतेक विहारांत एक कुलूपबंद कपाट असते आणि त्याची किल्ली अध्यक्षांकडे असते. आत बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे जाडजूड खंड असतात. ते हवेतच. पण खालच्या दोन फळ्या मुलांना द्या, त्यांत जातककथा, चरित्रे, विज्ञानाच्या गोष्टी आणि हो, निव्वळ गमतीची पुस्तकेही ठेवा. आमच्या एका ज्येष्ठ उपासकांना विहारात भुताच्या गोष्टींचे पुस्तक ठेवणे पटले नाही. त्यांचा मुद्दा मला समजतो, पण जे मूल भुताचे पुस्तक एका बैठकीत संपवते तेच पुढे चरित्राला हात घालते. शेवटी ते पुस्तक माझ्या पिशवीत राहायचे आणि तिथूनच वाटले जायचे.

थोड्या मोठ्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवावे असे एक छोटे पुस्तक म्हणजे बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. मराठीतही ते मिळते. त्यातली पहिलीच आठवण उन्हाळ्याच्या सुट्टीची आहे, हे आपल्या पटकन लक्षात येत नाही. १९०१ साल. वडील गोरेगावला नोकरीला होते आणि सुट्टीत त्यांच्याकडे जायला भीमराव, त्यांचे भाऊ आणि भाचरे नवे कपडे घालून साताऱ्याहून निघाली. मसूर स्टेशनवर उतरली आणि जात कळताच कुणी गाडी देईना. दुप्पट भाडे देऊन, बैलगाडी स्वतः हाकत मुले निघाली. रात्री जवळ डबा होता, पण पाणी न मिळाल्याने ती उपाशी झोपली. हे मी वाचून दाखवत होतो तेव्हा तो दहा वर्षांचा मुलगा भिंतीला टेकून बसला होता. संपल्यावर त्याने एवढेच विचारले, "मग पाणी कधी मिळालं त्यांना?" दुसऱ्या दिवशी तो पुस्तक घरी घेऊन गेला. घरी ते त्याने स्वतःच वाचले की आईने वाचून दाखवले, ते मी विचारले नाही.

वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी आमच्याकडे सर्वांत उपयोगी पडली ती धम्मलिपी. हल्ली लेण्यांवर जाणारे आपले अनेक तरुण ही लिपी शिकले आहेत. त्यांनी उन्हाळ्यात आठवड्यातून दोन दिवस दिले तरी पुरे. मुलांना ती गुप्त लिपीसारखी वाटते. अधिकचे चिन्ह म्हणजे 'क', रिकामे वर्तुळ म्हणजे 'ठ', त्याच्या मधोमध टिंब दिले की 'थ'. काना, वेलांटी, उकार लावण्याची रीत मराठीसारखीच, फक्त रेघा वेगळ्या. दहा-बारा वर्षांचे जे मूल अजून अडखळत वाचते, त्याला पहिलीची बाराखडी काढून बसवले तर लाज वाटते. धम्मलिपीत मात्र सगळेच शून्यापासून सुरू करतात, अगदी दहावीचा दादासुद्धा. अक्षर फोडायचे, मात्रा ओळखायची, जोडून वाचायचे, हा सराव तोच होतो आणि तो मराठी वाचायला उपयोगी पडतो. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ही लिपी उलगडली, त्याआधी कित्येक शतके अशोकाचे शब्द डोळ्यांसमोर असूनही कुणाला वाचता येत नव्हते, हे सांगितले की मुले चकित होतात. मुंबईकडच्या कार्यकर्त्यांनी मुलांना छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात न्यावे. १८८२ साली सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा तिथे आहे. आधीचे राजे शिकारीच्या सहलींना जात, मी धम्मयात्रेला जातो, असा त्या लेखाचा विषय. सुट्टीतल्या सहलीला यापेक्षा चांगले निमित्त कोणते? विदर्भात मात्र सहल काढायची तर पहाटे निघा आणि दहाच्या आत परत या. मे महिन्यात लेणी किंवा पवनीचे स्तूप पाहायला मुलांना भर दुपारी नेणे हा निव्वळ आडदांडपणा आहे.

माझे उत्तर चुकले ते असे. मी 'सकाळी आठ ते नऊ' म्हणालो होतो. नागपूरच्या उन्हाळ्यात मुलांना बाहेर खेळता येते ते सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी सहानंतर. वर्षभर हा मुलगा एकटा शिकतो. बाकीची पोरे शाळेत असतात तेव्हा तो मशीनच्या आवाजात पाढे म्हणत असतो. त्याच्या वयाची सगळी मुले दिवसभर मोकळी असतात, असे वर्षातले हेच दोन महिने. आणि मी त्यातला नेमका खेळाचा तास अभ्यासाला दिला. आठवडाभराने ताईच म्हणाल्या, "खिडकीतून बाहेर पाहत बसते, डोळ्यांत पाणी असते." घरी शिकणाऱ्या मुलाला उन्हाळ्यात सर्वांत जास्त कशाची गरज असेल तर ती सोबतीची. लगोरी, गिल्ली-दांडू, भांडण, समेट, कुणाचा तरी मार खाणे आणि कुणाच्या तरी बाजूने उभे राहणे, हे आईला घरी शिकवता येत नाही. शाळेत ज्याला वेगळे बसवले गेले, त्याला तर चारचौघांत बसण्याची सवयच पुन्हा लागायला हवी.

मग आम्ही वेळ फिरवली. सकाळ-संध्याकाळ पूर्ण मोकळी. दुपारी अकरा ते तीन, जेव्हा तसेही कुणी बाहेर पडत नाही, तेव्हा विहार उघडा. एक कुलर, सतरंज्या, पाण्याचा माठ, ते कपाट आणि आळीपाळीने एक मोठा ताई-दादा. यायची सक्ती नाही, हजेरी नाही. पडून वाचा, चित्र काढा, झोपलात तरी चालेल. सुरुवातीला दहा मिनिटे शांत बसून श्वास पाहायचा, इतकाच नियम.

याच्या आदल्या वर्षी आम्ही रीतसर संस्कार शिबीर घेतले होते. छापील वेळापत्रक, गणवेश, वंदना पाठांतराची स्पर्धा, तीन वक्ते. पहिल्या दिवशी हॉल भरला होता, शेवटच्या दिवशी बक्षिसे वाटायला मुले शोधावी लागली. आपण मुलांना धम्म शिकवायला बसलो आणि शाळेची नक्कल करत राहिलो. खुद्द तथागतांनी लहानग्या राहुलाला कसे शिकवले ते पाहा. मज्झिम निकायातल्या अंबलट्ठिका राहुलोवाद सुत्तात प्रसंग आहे. राहुल पाय धुवायला पाणी आणून देतो. बुद्ध भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवतात आणि विचारतात, हे उरलेले पाणी दिसते का? मग ते फेकून देतात, भांडे पालथे घालतात आणि प्रत्येक वेळी खोटे बोलणाऱ्याशी त्याची तुलना करतात. पुढे विचारतात, आरसा कशासाठी असतो? समोर होते त्या भांड्यातून आणि एका प्रश्नातून धडा झाला. अशोकाने भाब्रूच्या लेखात ज्या उपदेशांची शिफारस केली आहे, त्यांत राहुलाला केलेल्या या उपदेशाचेही नाव आहे.

आणि सोण भिक्षूची कथा तर आपण प्रवचनात नेहमी ऐकतो. पाय रक्ताळेपर्यंत चंक्रमण करणाऱ्या सोणाला बुद्धांनी त्याच्या वीणेची आठवण दिली, तार फार ताणली तरी वाजत नाही आणि फार सैल सोडली तरी नाही. ही उपमा आपण मोठ्यांच्या साधनेसाठी सांगतो. मुलांची शिबिरे आखताना मात्र आपण तार पिळतच राहतो.

तार सैल सुटण्याचा धोकाही आहे, तो लपवत नाही. पहिल्या पंधरा दिवसांत तीन मुले फक्त मोबाईलवर गेम खेळायला कुलरखाली यायची. मग मोबाईल दाराजवळच्या टोपलीत ठेवायचा असे ठरले, मोठ्यांचासुद्धा. मोठ्यांनाच ते जास्त जड गेले. काही मुले संपूर्ण मे महिन्यात एकही पुस्तक वाचली नाहीत. त्यांनी अष्टा-चंगा खेळला, चित्रे काढली. मला ते खटकले, पण मी गप्प राहिलो आणि अजूनही ठरवू शकलो नाही की मी बरोबर केले की नाही.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी ताई पुन्हा आल्या. गुणाकार येतो का ते त्यांनी घरी तपासून पाहिले होते. सात आणि आठचा पाढा अडखळत होता, बाकी शाबूत होते. तेवढे चार दिवसांत परत बसले. त्यांचा नवा प्रश्न वेगळा होता. वस्तीजवळच्या सरकारी शाळेत उन्हाळ्यातले त्याचे तीन मित्र जातात. तो म्हणतो, त्यांच्यासोबत जाऊन पाहतो. कलम ४ चा कागद त्यांनी माझ्याकडून मागून घेतला आणि आम्ही दोघे मुख्याध्यापिकेला भेटून आलो. आधीच्या शाळेत काय झाले ते सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि मुलाला घेऊन या म्हणाल्या. ताईंनी अजून होकार दिला नव्हता. त्या म्हणाल्या, आधी आठ दिवस पाठवून पाहते, नाही जमले तर आपले घर आहेच.

मुलाने मात्र मला वेगळेच विचारले. शाळा सुरू झाल्यावर दुपारचे कपाट उघडे राहणार का? तेव्हापासून ते रविवारी उघडे असते. किल्ली सध्या त्याच्याकडे आहे.